लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर: ‘नो सिग्नल’, ३० हर्ट्झ आणि मध्येच पडणारा अंधार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नवा २७ इंची फोर-के मॉनिटर घेतलाय. लॅपटॉपला दोन यूएसबी-सी पोर्ट आहेत, एचडीएमआय नाही, म्हणून मध्ये एक हब, म्हणजे एका पोर्टची अनेक भोकं करणारी डबी. त्या हबलाच मॉनिटरची एचडीएमआय केबल, लॅपटॉपचा चार्जर आणि बॅकअपची हार्ड डिस्क असं सगळं लावलंय. लॅपटॉप झोपेतून उठला की बऱ्याचदा मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. चित्र आलंच तर रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नवं होतं तो आकडा, ३० हर्ट्झच्या वर जात नाही. आणि काम करता करता स्क्रीन दोन-तीन सेकंद काळी पडून परत येते. ड्रायव्हर दोनदा टाकून झाला, शेवटी विंडोजसुद्धा नव्याने टाकली. पॅनेल खराब आलंय का, मॉनिटर परत करू का, असं विचारलंय.

इतक्यात परत करू नका. या तीन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, पण तिन्हींचा माग मला त्या हबपाशी जाताना दिसतोय. विंडोज नव्याने टाकणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी झालं. स्क्रीनवर काही बिघडलं की पहिला संशय ड्रायव्हरवर घ्यायची सवय सगळ्यांनाच आहे, मलाही होती. प्रत्यक्षात माझ्यासमोर आलेल्या तक्रारींत ड्रायव्हर क्वचितच गुन्हेगार निघालाय. केबल, अडॅप्टर, हब आणि मॉनिटरवर निवडलेला चुकीचा इनपुट, ही मंडळी त्याच्या कितीतरी आधी येतात.

पॅनेलचा प्रश्न मिनिटभरात निकालात निघतो. पुढच्या वेळी स्क्रीन काळी पडली की मॉनिटरचं स्वतःचं मेनूचं बटण दाबा. तो मेनू मॉनिटरच्या आतलं सर्किट काढतं, लॅपटॉपचा त्याच्याशी संबंध नाही. मेनू स्वच्छ दिसला तर पॅनेल आणि मागचा उजेड दोन्ही शाबूत. मेनूही दिसत नाही पण पॉवरचा दिवा लागलेला आहे, तर खोलीत अंधार करून स्क्रीनवर टॉर्च तिरकी मारून पाहा. पुसटसं चित्र दिसलं तर बॅकलाइट गेलाय. रेघा किंवा रंगीत कचरा दिसत असेल तर हीच युक्ती थोडी पुढे न्यायची. रेघ मेनूवरूनही आरपार जात असेल तर दोष पॅनेलचा. मेनू स्वच्छ, पण मागच्या चित्रात कचरा असेल, तर स्क्रीनशॉट घेऊन तो लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनवर उघडा. स्क्रीनशॉटमध्येही कचरा उतरला असेल तर ग्राफिक्सकडे बोट दाखवा. स्क्रीनशॉट साफ असेल तर बहुतेक वेळा वाटेतली केबल किंवा अडॅप्टरच सापडतो. एवढ्या दोन चाचण्या केल्या असत्या तर तुमचा विंडोज टाकण्याचा दिवस वाचला असता.

पुढचं सगळं समजायला केबल खोचल्यावर काय घडतं ते माहीत असलेलं बरं. चित्र लगेच निघत नाही, आधी ओळखपाळख होते. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी १८ क्रमांकाच्या पिनेवरून लॅपटॉप ५ व्होल्ट देतो. मॉनिटर १९ क्रमांकाच्या पिनेवर ‘मी आहे’ अशी खूण करतो, तिला हॉट प्लग डिटेक्ट म्हणतात. मग १५ आणि १६ या पिनांवरून लॅपटॉप मॉनिटरची कुंडली वाचतो. ती ईडीआयडी. तिचा मूळ भाग जेमतेम १२८ बाइटचा असतो आणि त्यात कंपनी, मॉडेल, चालणारी रेझोल्यूशनं, रिफ्रेश रेट असं सगळं असतं. कुंडली जुळली की चित्र सुरू. यूएसबी-सीमध्ये याच्याही आधी एक पायरी असते: पोर्ट आणि समोरचं उपकरण आपसात ठरवतात की काही तारा यूएसबीऐवजी डिस्प्लेपोर्टसाठी, म्हणजे एचडीएमआयसारख्याच चित्र नेणाऱ्या दुसऱ्या पद्धतीसाठी, वापरायच्या. याला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड म्हणतात. तुमच्या हबमध्ये तो डिस्प्लेपोर्टचा सिग्नल एका चिपमधून जाऊन एचडीएमआय होतो. म्हणजे लॅपटॉप आणि मॉनिटर थेट बोलतच नाहीत, मध्ये दुभाष्या बसलाय. दुभाष्याला डुलकी लागली की दोघेही एकमेकांना मुके.

म्हणून पहिला प्रश्न कायम हाच विचारायचा: लॅपटॉपला मॉनिटर दिसतोय का? विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले इथे जा. दुसरा चौकोन आणि मॉनिटरचं नाव दिसलं तर कुंडली वाचली गेली, ओळखपाळख झाली, अडचण त्याच्या पुढे आहे. चौकोनच नसेल तर तारांपाशीच काहीतरी अडलंय आणि सेटिंग्जमध्ये कितीही बटणं दाबली तरी उपयोग नाही. तिसराही एक प्रकार असतो: मॉनिटर दिसतो, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याचं नाव ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’ असं येतं आणि रेझोल्यूशनच्या यादीत १०२४ बाय ७६८ सारखे जुनाट पर्याय असतात. याचा अर्थ मॉनिटर आहे एवढं कळलं, पण कुंडली वाचता आली नाही. जुन्या व्हीजीए केबलमध्ये एखादी पिन वाकली किंवा तुटली की हमखास हे होतं. केबल बदला, दुसरं काही करू नका.

चौकोन दिसत नसेल तर पाहायच्या गोष्टी मी शरमेच्या क्रमाने सांगतो. सगळ्यात आधी मॉनिटरवर इनपुट कोणता निवडलाय ते पाहा. मॉनिटरला दोन एचडीएमआय असतात, केबल दुसऱ्यात असते आणि मेनू पहिल्यावर. यात मी स्वतः एकदा तासभर घालवलाय, ड्रायव्हरच्या आवृत्त्या शोधत. मग केबलची दोन्ही टोकं काढून परत खोचा. डिस्प्लेपोर्टला खटका असतो, तो वाजायला हवा. एचडीएमआयला नसतो, त्यामुळे केबलच्या वजनाने ती अर्धा मिलिमीटर बाहेर येते आणि वरून घट्टच वाटते.

त्यानंतर यूएसबी-सीची जुनी गोम. भोक सारखं आहे म्हणून काम सारखं असतं असं नाही. काही लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर येतच नाही, काहींत दोनपैकी एकाच पोर्टमधून येतं. पोर्टशेजारी वीज कोसळतेय अशी खूण असेल तर थंडरबोल्ट (त्यातूनही चित्र येतं), डी आणि पी एकात गुंफलेली खूण असेल तर डिस्प्लेपोर्ट. खूण नसेल तर लॅपटॉपची मार्गदर्शिका पाहा, अंदाज करू नका. केबलचंही तेच: फोनच्या चार्जरबरोबर येणाऱ्या अनेक यूएसबी-सी केबलमध्ये वेगवान तारा नसतातच. त्यातून चार्जिंग होईल, चित्र कधीच येणार नाही.

अडॅप्टरला दिशा असते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी साधी केबल उलटी लावली तर चालत नाही. लॅपटॉपला एचडीएमआय आणि मॉनिटरला फक्त डिस्प्लेपोर्ट असेल तर आत चिप असलेला, वेगळी वीज घेणारा अडॅप्टर लागतो. टोकं बसली म्हणून सिग्नल जाईल असं समजू नका.

गेमिंगच्या आणि इतर दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपमध्ये आणखी एक गंमत असते. बऱ्याच मॉडेलांत एचडीएमआय पोर्ट थेट वेगळ्या ग्राफिक्स चिपला जोडलेला असतो. बॅटरी वाचावी म्हणून कोणीतरी ती चिप डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करून ठेवतं आणि सहा महिन्यांनी पोर्ट मेला म्हणून तक्रार करतं. तिथेच ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असं नाव दिसलं, तर मात्र खरोखर ड्रायव्हरच नाही. तेव्हा तो लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून टाका. ड्रायव्हर दोषी निघतो ते बहुधा असं.

आता तुमची पहिली तक्रार, झोपेतून उठल्यावरचा ‘नो सिग्नल’. पुष्कळ मॉनिटरांत डीप स्लीप नावाची सोय असते. ती चालू असली की झोपलेला मॉनिटर ‘मी आहे’ ही खूणही खाली घेतो. लॅपटॉप उठतो, हबला विचारतो, हब म्हणतो कोणी नाही. तिकडे मॉनिटर सिग्नलची वाट पाहत झोपलेला. मॉनिटरच्या मेनूत डीप स्लीप बंद करा, आणि इनपुट आपोआप शोधण्याची सोयही बंद करून तुमचा इनपुट कायमचा निवडा. हबलाही उठायला वेळ लागतो, कधी तो उठतच नाही. तेव्हा तो लॅपटॉपमधून काढून दहा सेकंदांनी परत लावला की जागा होतो. लॅपटॉपच अडकल्यासारखा वाटला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर जागच्या जागी नव्याने सुरू होतो, उघडलेली कामं बंद होत नाहीत. याने चित्र परत आलं तर मशीन बंद-चालू करण्याची गरज नाही. कशानेच काही झालं नाही तर मॉनिटरची पॉवर केबल भिंतीतून दोनेक मिनिटं काढून ठेवा. समोरचं बटण दाबून मॉनिटर पूर्ण बंद होत नाही, आतली चिप अर्धवट जागी असते आणि तिचा घोळ तसाच राहतो.

दुसरी तक्रार ३० हर्ट्झची. यात बिघाड काहीच नाही, हा निव्वळ हिशोब आहे. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळजवळ ८३ लाख ठिपके. प्रत्येकाचे २४ बिट आणि सेकंदाला ६० वेळा, म्हणजे सेकंदाला सुमारे १२ गिगाबिट. चित्रांमधल्या रिकाम्या जागा धरून साडेबाराच्या आसपास. आता यूएसबी-सीत वेगवान तारांच्या जोड्या चार. हबला यूएसबी ३ ची भोकं असली की त्यातल्या दोन जोड्या यूएसबीसाठी राखल्या जातात आणि चित्राला उरतात दोन. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने एका जोडीतून ५.४ गिगाबिट जातात, दोन जोड्यांतून १०.८, आणि तारेवरून पाठवताना घालावी लागणारी सांकेतिक भर त्यातून वजा केली की हाती लागतात ८.६४. साडेबारा त्यात मावत नाहीत. ३० हर्ट्झला साधारण निम्मे लागतात, ते मावतात. म्हणून विंडोज तुम्हाला ३० देते आणि गप्प बसते. तुमच्या हार्ड डिस्कचा यात दोष नाही. ती काढली म्हणून ६० मिळणार नाहीत, कारण तारांची वाटणी हबच्या बांधणीतच ठरलेली असते.

हे खरं आहे का ते तुम्ही घरीच तपासू शकता. डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्ये रेझोल्यूशन २५६० बाय १४४० करा आणि अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेटची यादी उघडा. तिथे ६० दिसू लागले तर वाट अरुंद आहे हे सिद्ध झालं. या रेझोल्यूशनला ६० हर्ट्झवर साडेपाच गिगाबिटच्या आसपासच लागतात. त्याच पानावर डेस्कटॉपचा मोड आणि प्रत्यक्ष सिग्नलचा मोड असे दोन आकडे येतात, तेही जुळतात का पाहा. डेस्कटॉप एक आणि सिग्नल दुसराच असेल तर चित्र ताणून दाखवलं जातंय आणि अक्षरं फिसकटणार.

यावर उपाय दोन. लॅपटॉप आणि हब दोन्ही डिस्प्लेपोर्ट १.४ च्या वेगाचे असतील तर एका जोडीतून ८.१ गिगाबिट जातात, दोन जोड्यांतून हातात जवळजवळ १३, आणि फोर-के ६० हर्ट्झला बसतं. पण दोघांपैकी एक जरी जुना असला तरी गाडी जुन्याच वेगाने धावते, आणि कित्येक हबांची एचडीएमआय चिपच ३० ला थांबते. हबच्या खोक्यावर ‘फोर-के’ एवढंच लिहिलेलं असेल आणि शेजारी ६० हर्ट्झ नसेल तर ते ३० च समजा. दुसरा उपाय मला जास्त पटतो: हबला चित्राच्या कामातून मोकळंच करायचं. यूएसबी-सीकडून डिस्प्लेपोर्टकडे जाणारी एक सरळ केबल घ्या. चारही जोड्या चित्राला मिळतात, १.२ च्या वेगानेसुद्धा १७ गिगाबिटच्या वर जागा होते आणि मधला दुभाष्याही जातो.

लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट असणाऱ्यांनाही ३० चा त्रास होतो. तिथे कारण एचडीएमआय १.४. ते २००९ साली आलं आणि फोर-के ३० पर्यंतच नेतं. २०१३ च्या २.० ने १८ गिगाबिट दिले, मग ६० जमू लागलं. कधी लॅपटॉप २.० असतो, मॉनिटरही असतो, पण मॉनिटरच्याच मेनूत तो पोर्ट जुन्या मोडवर ठेवलेला असतो. तो बदलला की झालं. आणि ६० मिळाले पण काळ्यावरची लाल अक्षरं फुटल्यासारखी दिसतात, असं झालं तर अपुऱ्या जागेत ६० बसवायला रंगाची माहिती कापली गेली आहे. ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रंगाचा प्रकार ४:२:० वरून आरजीबी करा. आरजीबीचा पर्यायच येत नसेल तर वाट तेवढीच आहे.

तिसरी तक्रार, मध्येच पडणारा अंधार, मला नेहमी सर्वांत रोचक वाटते. दोन-तीन सेकंद हा काळ म्हणजे दुवा तुटून पुन्हा ओळखपाळख व्हायला लागणारा वेळ. तेव्हा अंधार पडतो त्या क्षणी आणखी काय घडतं ते टिपून ठेवा. विंडोजचा यूएसबी तुटल्याचा-जोडल्याचा ‘टिंग’ आवाज येत असेल आणि हार्ड डिस्कही गायब होऊन परत येत असेल, तर तुटतंय ते चित्र नाही, सगळा हबच कोसळून उठतोय. तुमच्या बाबतीत माझी पैज यावर आहे. चार्जर हबमधून, डिस्क हबमधून, चित्र हबमधून. डिस्क फिरायला लागली की विजेची ओढ वाढते आणि स्वस्त हब तेवढ्यावरच गडगडतो. हबमधून चार्जर काढला किंवा लावला तर स्क्रीन क्षणभर जाणं हे मात्र बऱ्याच हबांत नेहमीचंच, वीज कोणाकडून घ्यायची ते नव्याने ठरत असतं.

आवाज येत नाही, फक्त चित्र जातं, तर केबल काठावर चालतेय. रेझोल्यूशन १०८० वर उतरवून दिवसभर काम करा. अंधार थांबला तर केबल बदला. साध्या तांब्याच्या एचडीएमआय केबलला फोर-के ६० वर जितकी लांबी कमी तितकं बरं. मी दोन मीटरच्या पुढे सहसा जात नाही. केबल घेताना ‘२.० केबल’ या शब्दांवर जाऊ नका, केबलला अधिकृतपणे असं नाव नसतं. १८ गिगाबिटसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ आणि ४८ साठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असं लेबल असतं. सोन्याचा मुलामा वगैरे सोडून द्या. डिस्प्लेपोर्टच्या काही भिकार केबलमध्ये २० क्रमांकाची पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते. ती विजेची पिन आहे, केबलमधून ती आरपार जोडायचीच नसते. तशी केबल लावली की मॉनिटरकडून उलटी वीज लॅपटॉपमध्ये शिरते आणि कधी मशीन चालूच होत नाही, कधी मॉनिटर उठत नाही.

आणि हसू नका, खुर्चीही पाहा. गॅसवर वरखाली होणाऱ्या खुर्चीतून उठताना-बसताना स्थिर विजेचा झटका निघतो, आणि कमी आवरणाची केबल तो पकडते. मी उठलो की स्क्रीन जाते, असं सांगणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदा मनातल्या मनात वेड्यात काढलं होतं. नंतर त्याच्याच खुर्चीवर चार वेळा उठबस केली, तीन वेळा स्क्रीन गेली. जाड आवरणाची आखूड केबल लावल्यावर ते थांबलं.

बाकीचं भरभर सांगतो. मॉनिटर दिसतोय पण काळा आहे, तर विंडोज आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ किंवा ‘डुप्लिकेट’ निवडलंय ना ते पाहा. ‘आउट ऑफ रेंज’ असं आलं तर मॉनिटरला न झेपणारा रिफ्रेश रेट जातोय; लॅपटॉपच्या स्क्रीनवरून तो ६० करा. टीव्हीला जोडल्यावर कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्याच मेनूत चित्राचा आकार ‘जस्ट स्कॅन’ किंवा तशा नावाच्या पर्यायावर न्या. रंग धुतल्यासारखे, काळा करडा दिसत असेल तर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा उजेड एक बाजू ० ते २५५ मोजतेय आणि दुसरी १६ ते २३५. दोन्हीकडे एकच ठेवा. फक्त सिनेमाच्या खिडकीत अंधार आणि बाकी सगळं ठीक, तर ती कॉपी-संरक्षणाची एचडीसीपी पडताळणी फसलीय; मधला अडॅप्टर काढून पाहा.

मॅकवाल्यांसाठी दोन गोष्टी. एम१ आणि एम२ या साध्या चिपचे मॅकबुक बाहेरचा एकच मॉनिटर थेट चालवतात, दुसऱ्यासाठी डिस्प्लेलिंकवाला डॉक (चित्र यूएसबीच्या डेटातून नेणारा मोठा हब) आणि त्याचा ड्रायव्हर लागतो. आणि एका डिस्प्लेपोर्टमधून दोन मॉनिटर काढणाऱ्या डॉकवर विंडोजमध्ये दोन वेगळे डेस्कटॉप दिसतात, मॅकवर दोन्हींवर एकच चित्र येतं. तो डॉकचा दोष नाही.

तुम्ही आता काय करायचं ते सांगतो. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही. आधी फक्त हार्ड डिस्क हबमधून काढा आणि एक दिवस अंधार पडतो का पाहा. मग यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल आणा, ती एका पोर्टमधून थेट मॉनिटरला लावा, आणि हब, चार्जर, डिस्क हे सगळं दुसऱ्या पोर्टवर न्या. चित्र आलं नाही तर दोन्ही पोर्टांची अदलाबदल करा. मॉनिटरचा डीप स्लीप बंद करा. थेट केबलवर, ६० हर्ट्झला, दुसऱ्या कोणाच्या लॅपटॉपवरही अंधार पडत राहिला तर मॉनिटर खरंच परत करा. खोकं आणि आतलं थर्मोकोल तोवर फेकू नका.